यंदा धूर कसा हाय?

पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पावसाचं विचारतात, लग्नसराईत स्थळांचं विचारतात. गऊमावशी बाराही महिने धुराचं विचारायची. तोही लोणावळ्याचा नव्हे, मुंबईचा. मुंबईहून कुणी आलं, टांग्यातून ट्रंका उतरल्या, पोरं अंगणात हुंदडायला लागली, की ही फाटकाशी उभी राहून विचारणार, "यंदा धूर कसा हाय तिकडं?" माणसं गोंधळायची. हवा पालटायला आलेल्या माणसाला प्रवास कसा झाला ते विचारतात, फार तर दूध किती लागेल ते विचारतात. बाई जराशी खुळी असावी, असं पुष्कळांना वाटायचं. पहिल्या दिवशी मलाही तसंच वाटलं होतं.

मी गिरगावात वाढलेली. ट्रेनिंग पुरं करून लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून आले, ती ऐन पौषात. एका मुंबईकर शेटजींच्या बंगल्यामागची खोली मला राहायला मिळाली. शेटजी स्वतः क्वचित यायचे. बंगला हवापालटीसाठी भाड्याने जायचा आणि त्याची सगळी उस्तवार गऊमावशी करायची. उंच, हाडापेराने रुंद, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कपाळ मोकळं. माझं सामान खोलीत येऊन पडतं न पडतं तोच ती दारात येऊन म्हणाली, "टरंक उगडा."

"का हो?"

"मुंबई काढायची हाय."

माझ्या होकाराची वाट न बघता तिने माझी लुगडी, पोलकी, चादरी उचलल्या आणि मागच्या दगडावर रिठ्याच्या कढत पाण्यात बुडवल्या. थोड्या वेळाने मला हाक मारून घंगाळातलं पाणी दाखवलं. ते राखाडी झालं होतं. मी स्वतःला मोठी टापटिपीची मुलगी समजत होते, त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र त्यात मला काही दोष देत नव्हती. "तुमी काय करनार? दिसच तसं हायेत," म्हणाली, आणि ते पाणी जाईजुईच्या आळ्यात न ओतता फाटकाबाहेरच्या गटारात ओतून आली. झाडांनी काय पाप केलंय, असं तिचं म्हणणं.

पुढे वर्षभरात मला त्या पाण्याची भाषा कळायला लागली. भाद्रपदात मुंबईहून आलेल्यांचे कपडे धुतले की पाणी जवळजवळ नितळ निघायचं. कार्तिकापासून ते गढुळायला लागायचं आणि पौष-माघात डोळ्यांनी बघवायचं नाही. मावशीचा हिशेब साधा होता. "पावसात मुंबई न्हाती. मंग समिंदराचं वारं सुटतं, त्ये धूर घिऊन जातं. थंडीत वारं पडतं. मंग धूर उटत न्हाई, बसतो. मानसाच्या छातीत जाऊन बसतो." ज्या बाईने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, ती हे सांगत होती. मी गिरगावात असताना थंडीतल्या सकाळी गल्लीचं टोक दिसायचं नाही. आम्ही पोरी त्याला धुकं म्हणायचो आणि किती छान धुकं पडलंय म्हणून गच्चीवर जाऊन उभ्या राहायचो!

तिच्या बंगल्यात विडी ओढायची कुणाची टाप नव्हती. एकदा एक गलेलठ्ठ वकीलसाहेब महिनाभर राहायला आले. रोज सकाळी व्हरांड्यात छाती फुगवून श्वास घ्यायचे आणि बायकोला सांगायचे, "घे, घे, भरपूर घे, याचेच पैसे मोजलेत आपण." मग आरामखुर्चीत बसून चिरूट पेटवायचे. पहिल्या दिवशी मावशी नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीशेजारी पाण्याची बादली आणून ठेवली. वकिलांनी विचारलं, "ही कशाला?" ही शांतपणे म्हणाली, "आग लागली तर इजवाय बरी." तिसऱ्या दिवशी बादली खुर्चीच्या आणखी जवळ आली. चौथ्या दिवशी वकीलसाहेब चिरूट ओढायला फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिलेले मी पाहिले. "हवेचे पैसे आम्ही दिलेत," असं ते एकदा तिच्यावर गुरकावले, तेव्हा ती म्हणाली, "पैसं घराचं दिलंत, सायेब. वाऱ्याला वाटनी न्हाई." पुढे हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडावर फेकलं आहे, अर्थात तिचं नाव न सांगता.

तिला एकच मुलगा, किसन. मुंबईला गिरणीत होता. मावळातली गिरणीवाली मंडळी भातलावणीला गावी यायची, शिमग्याला यायची. किसन यायचा पौषात. जागी बदली माणूस ठेवून, पगार बुडवून, आईच्या हट्टापायी यायचा. पंचविशीतला, सडसडीत, हसरा पोरगा. पण चढावर बोलता बोलता थांबायचा आणि खोकला आला की कुंपण धरून उभा राहायचा. आल्या आल्या मावशी त्याच्या छातीवर पंजा ठेवायची आणि तोच प्रश्न विचारायची.

"धूर कमी हाय का रं?"

"व्हय आई, लय कमी. आमच्या गिरनीची चिमनी तर बंदच झाली. समदं इजंवर चालतंय आता."

यावर तिच्या तोंडावर जे समाधान पसरायचं, ते मला समजत नसे. पोरगा समोर खोकून खोकून लाल होतो आहे आणि ही गिरणीच्या चिमणीचं कौतुक करते आहे! तोवर घाटातली आगगाडीही विजेवर चालायला लागली होती. तीसुद्धा आपल्याच पाण्यावर चालते, अशी तिची ठाम समजूत होती आणि स्टेशनात गाडी आली की ती घरची गाय आल्यासारखी तिच्याकडे बघायची.

"आपल्याच पाण्यावर" म्हणजे काय, ते मला एका दूधवालीमुळे कळलं. वरच्या वाडीची ही म्हातारी शेजारच्या बंगल्यात दूध घालायची, पण आमच्या फाटकावरून जाताना तोंड फिरवायची. एकदा मीच तिला हाक मारून दूध मागितलं, तर म्हणाली, "त्या धुरवालीच्या हातात आमचं दूद न्हाई पडायचं." मी मावशीला विचारलं. ती वाल सोलत बसली होती. मान वर न करता तिने सगळं सांगितलं.

तिचं गाव उंबरदरा. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, तो खोकत खोकत गावी आला आणि किसन मांडीवर असतानाच गेला. मुंबईच्या धुराने त्याला खाल्लं, असं सगळं गाव म्हणालं. नवराही शेवटी शेवटी तेच म्हणायचा, थंडीत खोलीत धूर शिरतो, श्वास पुरत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत दऱ्याला धरण बांधायचं म्हणून कंपनीची माणसं आली. देवळापुढे गाव जमलं. जमीन द्यायची नाही, असं आधीच ठरलं होतं. कंपनीचा कारकून समजावत होता की पाण्यावर वीज होईल, ती तारेतून मुंबईला जाईल, मग गिरण्यांना कोळसा लागणार नाही.

"म्या बायांतनं उटून इचारलं, म्हंजी धूर जाईल का? त्यो म्हनला, जाईल. म्या म्हनलं, आना कागुद."

पहिला अंगठा तिचा पडला. गाव बघत राहिलं. एकाने दिल्यावर दुसरा डळमळला, मग तिसरा. पावसाळे दोन-तीन गेले आणि उंबरदरा पाण्याखाली गेला. काही घरं वर डोंगराच्या सोंडेवर वाडी करून राहिली, काही पांगली. मोबदला आला तसा गेला. शेत नसलेल्या बाईने पोर कसं वाढवायचं? ती लोणावळ्याला येऊन बंगल्यांतून राबली, आणि किसन हाताशी आल्यावर बापाच्या ओळखीने गिरणीत लागला.

"गाव मला पान्यात बगतंय," ती म्हणाली. "बगू दे. मुंबईत किती बायांचं कुक्कू वाचलं आसंल, त्ये त्यास्नी काय ठावं!"

मला तिचा राग आला, कीवही आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. या बाईने आपलं शेत, गाव, माणसं सगळं एका गोष्टीवर लावलं होतं. ती गोष्ट खरी नसली तर हिचं काय होणार?

पुढच्या पौषात किसन आला नाही. रजा मिळत नाही, असा निरोप आला. महिना गेला तसा मावशीला धीर धरवेना. मला माघाच्या सुरुवातीला एका लग्नासाठी मुंबईला जायचंच होतं. ती म्हणाली, "बाई, मला न्या. पोराला बगती, आन चिमनी बी बगती." चिमणी बघायला मुंबईला जाणारी ती पहिलीच बाई असेल. कोऱ्या लुगड्याची घडी मोडून, भाकरी बांधून निघाली. घाट उतरेपर्यंत लेकरासारखी खिडकीला चिकटून बसली होती. पुढे ठाणं गेलं तसं हवेचा रंग पालटला आणि तिने पदर नाकाशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परळला गेलो. वारा पडलेला होता. चाळीचाळींतून शेगड्यांचा धूर निघत होता, पण वर चढत नव्हता. घरांच्या कमरेशी थबकून राहिला होता. लांब कुठे दोन-चार चिमण्या काळं ओकत होत्या. मावशीचं तोंड उतरलं. मग किसनची गिरणी आली. उंच चिमणी, आणि तिच्या तोंडाशी काही म्हणजे काही नाही. एक घार निवांत बसली होती.

मावशीने मान मागे टाकून तिच्याकडे पाहिलं, आणि रस्त्यात मोठ्याने हसली. शेजारून जाणाऱ्या भाजीवालीला थांबवून म्हणाली, "बग बाय, बग! न्हाई ना धूर? आमच्या पान्यानं बंद केली!" भाजीवाली माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मलाही तिच्याइतकाच आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. वाटलं, बाईचा जन्म वाया गेला नाही.

तेवढ्यात भोंगा झाला. दार उघडलं आणि पाळी सुटून माणसं बाहेर यायला लागली. काही नुसती दमलेली. पण एका बाजूने जो घोळका आला, त्यातली माणसं पांढरी होती. केसांत, भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर बारीक कापूस बसलेला. त्यांत किसन होता. आईला बघून त्याने हसण्यासाठी तोंड उघडलं आणि खोकला आला. भिंतीला टेकून तो खोकत राहिला. मावशी पुढे झाली. त्याच्या पापणीवरचा कापूस तिने दोन बोटांनी उचलला आणि बघत उभी राहिली.

"ह्ये काय रं?"

"काय न्हाई आई, कापूस हाय. पिंजायच्या खात्यात उडतोच."

"रोज?"

"रोज."

तिने पुन्हा एकदा वर चिमणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "किसना, तुजा बा कंच्या खात्यात व्हता?"

"ह्याच. म्हनून तर मला लावून घेतलं."

बाप धुराने गेला, असं गाव म्हणालं होतं, बाप स्वतः म्हणाला होता. दिवसभर नाकातोंडात जायचं ते पांढरं होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही; खोलीत शिरायचं ते काळं होतं, ते सगळ्यांना दिसलं. किसनला हे माहीत होतं का? मी त्याला नंतर बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "ती धुराचंच इचारती, बाई. धूर कमी हाय, त्ये खरंच हाय. कशाला सांगू बाकीचं?"

मावशी त्याच्या मनगटाला धरून म्हणाली, "चल घरी."

"कुटं आई?" तो सहज बोलून गेला. "घर तर पान्यात हाय."

बोलल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि तो खाली बघायला लागला. त्या दिवसानंतर गऊमावशीने कुणालाही धुराचं विचारलेलं मी ऐकलं नाही. टांगे यायचे, ट्रंका उतरायच्या, ती मुकाट्याने कपडे भिजवायची.

माघ संपता संपता किसन आलाच, पण कामावरून काढल्यामुळे आला. उभं राहवत नाही असा माणूस कोण ठेवणार? गावातल्या डॉक्टरांनी तपासलं. क्षय आहे की नाही ते त्यांना नक्की सांगता येईना. एवढंच म्हणाले, पुन्हा गिरणीत पाऊल टाकू नका, उघड्या हवेवर राहू द्या. उघड्या हवेला लोणावळ्यात काय तोटा! पण बंगल्यात उतरलेल्या कुटुंबाने मुंबईला शेटजींना कळवलं की बंगला राखणाऱ्या बाईच्या खोलीत खोकणारा माणूस आहे. शेटजींचा दिवाणजी आला. माणूस वाईट नव्हता, ओशाळा होऊन बोलत होता. तो म्हणाला, "गऊबाई, इथे लोक हवेसाठी येतात." ती हवा किसनलाच हवी होती, पण भाडं देणारे दुसरे होते. मी दिवाणजीला चार शब्द सुनावले. त्याने ते ऐकून घेतले आणि चैत्रअखेरपर्यंतची मुदत दिली.

मुदत संपत आली तशी मावशी एका सकाळी मला म्हणाली, "बाई, उंबरदऱ्याला येता?" शाळेला सुट्टी होती आणि माझ्या बदलीचा हुकूमही आला होता. मी निघाले.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली जातं. तेव्हा उंबरदऱ्याच्या भैरोबाचा चौथरा उघडा पडतो. पांगलेलं गाव वर्षातून एक दिवस तिथे जमतं, शेंदूर लावतं, नारळ फोडतं, आणि संध्याकाळी परत जातं. मावशी इतक्या वर्षांत तिथे गेली नव्हती; तिला कुणी बोलावलं नव्हतं. तोच दिवस गाठून, वाळून तडकलेल्या गाळातून आम्ही तिघं चालत गेलो. किसन मधेमधे थांबायचा. वाटेत एका ठिकाणी मावशी क्षणभर रेंगाळली. तिथे नुसती जोत्याची दगडांची ओळ होती.

आम्हाला बघून चौथऱ्यावरचं बोलणं थांबलं. दूधवाली म्हातारीच पहिल्यांदा ओरडली, "आली का? गेला का गं तुजा धूर?"

मावशी चौथऱ्यापासून लांबच उभी राहिली. "गेला," म्हणाली. "धूर गेला. खोकला न्हाई गेला. माजं चुकलं."

गावातले वडीलधारे धोंडीआबा काठी टेकत पुढे आले. "काय काम काढलंस?"

"पोराला वाडीत घ्या, आबा. गुरं राखील. हिकडचं वारं लागलं तर जगंल."

"आन तू?"

"माजं म्या मागत न्हाई."

म्हातारी पुन्हा म्हणाली, "हिनं गाव बुडवलं!" आबांनी तिला हाताने थांबवलं. "गाव हिनं न्हाई बुडवलं. हिनं दिलं नसतं तरी कंपनीनं घेतलंच आसतं. पर पयला आंगटा हिचा हाय, त्यो मला इसरता येत न्हाई." मग बराच वेळ किसनकडे बघत राहिले. "पोराचा काय दोस? खळ्यापाशी खोप हाय, तितं ऱ्हाऊ दे. पर गऊ, तू वाडीत पाय ठिवायचा न्हाईस. भेटाय बी न्हाई."

मला राहवलं नाही. आई मुलाला भेटणार नाही, हा कुठला न्याय, असं काहीतरी मी बोलायला गेले. मावशीने माझा दंड घट्ट धरला, इतका की वळ उठले. "बरं," ती आबांना म्हणाली. घासाघीस नाही, रडणं नाही. कंपनीला जे शेत दिलं ते एका शब्दावर, आणि मुलगा दिला तोही एका शब्दावर. पण या वेळी तिला किंमत ठाऊक होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

वाडी वर सोंडेवर होती. पायथ्याला एक जांभळीचं झाड होतं, वाडीची हद्द तिथून सुरू व्हायची. मावशीने किसनचं वळकटीचं ओझं तिथपर्यंत डोक्यावर आणलं आणि खाली ठेवलं. आबांच्या नातवाने ते उचललं आणि तो पुढे झाला. किसन आईच्या पाया पडला. ती म्हणाली, "दूद पीत जा. गारठ्यात उगडा बसू नगंस." एवढंच.

तो चढायला लागला. थोडं चढायचा, थांबायचा, वळून बघायचा. थांबला की ही खालून हात हलवायची, चल, चल, बसू नको. ऊन उतरत होतं. पश्चिमेकडून वारा सुटला होता, स्वच्छ, गार, ज्यासाठी लोक मुंबईहून पैसे मोजून येतात तोच. किसन लहान लहान होत गेला, खळ्याजवळ पोचला आणि कुडाआड दिसेनासा झाला.

मी म्हटलं, "चला मावशी, उशीर होईल."

ती हलली नाही. मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून उभी होती.

"काय झालं?"

"गप ऱ्हावा जरा," ती म्हणाली. वाऱ्यात जांभळीची पानं तेवढी वाजत होती. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. "खोकला ऐकू येत न्हाई, बाई. तुमाला येतो?"

एवढ्या लांबून कुणाचाच खोकला ऐकू आला नसता. मी म्हटलं, "नाही मावशी. नाही येत."